निपाणी ते बेळगाव : एक श्रवणयात्रा

गेल्या माघात एका लग्नकार्याच्या निमित्ताने माझी इंदूरची भाची निपाणीस आली होती. बरोबर तिची बारा वर्षांची कन्या होती. मुलगी गाण्याच्या वर्गाला जाते, गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देते. तिच्या वहीत एक तक्ता आखलेला मी पाहिला. शास्त्रीय संगीत, नाट्यसंगीत, भक्तिसंगीत, लोकसंगीत अशी चार घरे आणि प्रत्येकापुढे पाठ करण्याजोगी व्याख्या. 'मामाआजोबा, व्याख्या सगळ्या येतात. पण यातले पुष्कळसे मी ऐकलेलेच नाही,' ती म्हणाली. व्याख्या पाठ करून घेण्यात ज्याचा उभा जन्म गेला, त्या मुख्याध्यापकाला हे बोलणे झोंबल्यावाचून राहिले नाही. लग्नाच्या आगेमागे मिळालेल्या दिवसांत तिला आमच्या मुलखातले गाणे ऐकवावे, असे मी ठरविले.

प्रारंभ घरापासूनच झाला. ते दिवस माघ वारीचे. पंढरीस जाणे ज्यांना घडत नाही, त्यांचे एकादशीचे भजन गावातल्या मंदिरात रात्री उभे राहते. मध्ये वीणेकरी, शेजारी मृदंग, दोन्ही बाजूंना टाळकरी. आरंभी विठ्ठलाच्या रूपाचे अभंग, मग संतांच्या उपदेशाचे, पुढे गौळण आणि शेवटी भैरवी, असा क्रम ठरलेला. मैफलीत एक गातो आणि बाकीचे ऐकतात. भजनात ऐकणारा असा कोणी उरतच नाही. धृपद सर्वांनी उचलायचे असते, म्हणून चाल सोपी आणि ठेका ठसठशीत. मुलीच्या हातीही कोणी टाळ दिले. दहा मिनिटांत तिला ठेका सापडला आणि भक्तिसंगीताची व्याख्या वहीतच राहिली.

परतताना तिने विचारले, 'विठ्ठल फक्त आपलाच ना?' मी तिला पुरंदरदासांचे नाव सांगितले. कन्नड हरिदासांतील या अग्रणी पुरुषाच्या पदांची मुद्रिकाच 'पुरंदर विठ्ठल' अशी आहे. गदग परिसरातून आलेले भीमसेन जोशी एका आसनावरून मराठी 'संतवाणी' गात आणि कन्नड 'दासवाणी'ही. मुलीने वहीत पाचवे घर आखले आणि त्यावर लिहिले : 'कोणाचे?'

लग्न उरकल्यावर पौर्णिमेच्या सुमारास आम्ही चिकोडीवरून रायबाग तालुक्यातील चिंचलीस गेलो. तेथे मायाक्काची यात्रा भरते. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांतून लोक येतात. कर्नाटकातून तर येतातच. भंडाऱ्याने माणसे, गुरे आणि गाड्या पिवळ्या झालेल्या. एका झाडाखाली धनगरांचा मेळा बसला होता. पुढारी ओवी उचली, साथीदार ती झेलीत आणि मग तीच हकीकत पुढारी गद्यात सांगे. ढोलावर थाप पडली की पुन्हा गाणे. सुरांची झेप मोठी नसते, पण एकेका ओवीत मेंढरे, माळरान, बिरोबा आणि दुष्काळ यांचा इतिहास बांधलेला असतो. लिहून ठेवण्याची सोय ज्यांना नव्हती, त्यांनी गाण्याला दप्तराचे काम दिले.

एक मेळा मराठीत गात होता, पलीकडचा कन्नडमध्ये. ढोलाचा ठेका मात्र दोघांचा इतका सारखा की मुलीला प्रथम भाषेतला फरक कळलाच नाही. तिने पाचव्या घरात काही लिहिले नाही.

याच भागात लावणीचीही दोन घरे आहेत. मराठीत कलगी आणि तुरा असे दोन पक्ष डफ-तुणतुण्यावर सवाल-जबाब करतात. कलगीवाले शक्तीचा पक्ष घेतात, तुरेवाले शिवाचा. कन्नडमध्ये असाच वाद 'हरदेशी' आणि 'नागेशी' या पक्षांत चालतो. एक पुरुषाचे थोरपण मांडतो, दुसरा स्त्रीचे. त्यांच्या पदांना 'गीगी पद' म्हणतात. वाद्ये तीच, आणि 'लावणी' हा शब्दही दोन्ही भाषांत तोच.

चिंचलीहून बेळगावला आम्ही मिरजेकडून येणारी आगगाडी धरली. डब्यात सौंदत्तीच्या यल्लम्माला निघालेल्या काही वयस्क जोगतिणी होत्या. एकीच्या काखेत चौंडके होते. लाकडी नळकांड्याला एका बाजूने चामडे मढवून त्यातून तार काढलेली असते; ती ताणून छेडली की तालही मिळतो आणि सूरही. तिचे गाणे कधी मराठीत चाले, कधी कन्नडमध्ये. मुलगी मोहून गेली. तिच्या आईशी मी हलक्या आवाजात बोललो, पण मुलीपासून काही लपविले नाही. अजाण मुलींना देवीच्या नावाने सोडण्याची चाल या गाण्यामागे होती. कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने तिला बंदी झाली. गाणे गोड लागले, म्हणून त्यामागचे दुःख गोड होत नाही, एवढे मुलांना कळलेच पाहिजे.

बेळगावच्या अलीकडे सुळेभावी हे लहानसे स्थानक लागते. मी तिला खिडकीशी बोलावले. याच गावी ८ एप्रिल १९२४ रोजी शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ या मुलाचा जन्म झाला. जग त्याला कुमार गंधर्व म्हणून ओळखते. कन्नड घरातला हा मुलगा मुंबईस देवधर मास्तरांकडे शिकला, १९४८ मध्ये प्रकृतीसाठी देवासला गेला आणि तेथे अंथरुणावर पडल्या पडल्या माळव्याची लोकगीते ऐकत राहिला. त्या धुनांतून त्याने नवे राग उभे केले. देवास म्हणजे इंदूरच्या उंबरठ्यावरचे गाव! मुलगी स्थानकाच्या पाटीकडे वळून वळून पाहत राहिली.

गाडी जिथून आली, ती मिरज हे या सगळ्या मुलखाचे गाण्याचे पेठगाव. उत्तरेकडून आलेले अब्दुल करीम खाँ तेथे स्थायिक झाले. १९३७ मध्ये त्यांचा देह तेथेच विसावला. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शिष्य. आणि भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल हे सवाई गंधर्वांचे. तंबोरे आणि सतारीही मिरजेतच घडतात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले.

बेळगावी संध्याकाळी एक घरगुती मैफल मिळाली. तरुण गायिकेने प्रथम ख्याल घेतला. विलंबित लयीत दोन ओळींची बंदिश. पण तिच्या आधाराने राग एकेक स्वराने उलगडत गेला. शब्द येथे खुंटीसारखे, वस्त्र सुरांचे. मध्यंतरानंतर तिने नाट्यपद गायिले. येथे शब्द स्पष्ट हवा, प्रसंग डोळ्यांसमोर हवा आणि तान शब्दाचा हात धरूनच यावी. एकाच गळ्यातून तासाभरात दोन्ही ऐकल्यावर मुलीने आपल्या दोन व्याख्या स्वतःच खोडून नव्याने लिहिल्या. साथीला पेटी होती. पेटीवाल्या कलावंतांत बेळगावचे रामभाऊ विजापुरे यांचे नाव फार मोठे. मूळचे कागवाडचे, २०१० मध्ये निवर्तले. पण दोन पिढ्यांतील बहुतेक थोर गायकांना त्यांची पेटी लाभली.

नाट्यपदाचे माहेरही याच बाजूचे. १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' रंगविले. त्याची प्रेरणा त्यांना उत्तर कानडातील कर्कीच्या भागवत मंडळींच्या खेळापासून मिळाली होती. त्याच वर्षी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले. त्यांचे 'शाकुंतल' ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यास रंगमंचावर आले आणि मराठी संगीत नाटक सुरू झाले. पुढे 'सौभद्रा'तील कित्येक पदांना त्यांनी कानडी चाली दिल्या. ज्याला आपण अस्सल मराठी वैभव म्हणतो, त्याच्या पायात हा दगड आहे.

मग पाचव्या घराचे काय? येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या शाळेतील एका मुलाने स्नेहसंमेलनात गीगी पद म्हणण्याची परवानगी मागितली होती. बाप मराठी, आई कन्नड. पद आजोळच्या आजोबांनी शिकविलेले. मी नाही म्हटले. आपली मराठी शाळा, तीत मराठीच हवे, असे त्याला सुनावले. मुलगा काही बोलला नाही. पुढे तो कोणत्याच कार्यक्रमात गायिला नाही.

सीमेविषयी माझे मन इतर मराठी माणसांसारखेच आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, ते दुःख मी वडिलांच्या तोंडून ऐकले. अण्णा भाऊ साठ्यांच्या 'माझी मैना' या छक्कडीत बेळगाव-कारवारची नावे येतात तेव्हा आजही गळा दाटतो. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा अजून निकालाची वाट पाहत आहे. मराठी शाळा, मराठी पाटी, मराठी कागद यांसाठी झगडावे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण दावा जमिनीचा आणि कागदाचा असतो, सुराचा नसतो. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये गांधीजींसमोर स्वागतगीत गाणारी गंगूबाई अकरा वर्षांची होती. तिचे गाणे कोणत्या घरात मांडावे, हे त्या मंडपात कोणी विचारले नसेल.

इंदूरला जाण्यापूर्वी मुलीने विचारले, 'मामाआजोबा, पाचवे घर रिकामेच ठेवू का?' मी म्हटले, 'तू राहतेस तिथले गाणे ऐक, मग भर.' महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांनाही माझे तेवढेच सांगणे आहे. घरात अभंग जरूर असावा, नाट्यपद असावे. पण माळव्यात असाल तर माळवी, तेलंगणात असाल तर तेलुगू, शेजारच्या ओसरीवरचे गाणेही मुलांच्या कानी पडू द्यावे. आपल्या थोरांनी तसेच केले, म्हणून आपल्यापाशी आज एवढे आहे.

तो मुलगा आता मोठा झाला आहे, निपाणीतच असतो. या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला मी त्याला बोलावणे धाडले आहे. आजोबांचे पद आठवत असेल तर म्हण, असे कळविले आहे. अद्याप उत्तर आलेले नाही.