खालचा सूर

आमचं घर मिरजेत, सतारमेकर गल्लीपासून फार लांब नाही. भिंतीपलीकडचे चाचा तंबोरे करतात. भोपळ्याचं आणि रंगाचं काम आता त्यांची मुलं बघतात, जवारी मात्र चाचाच लावतात. तीही रात्री, गल्ली निजल्यावर. घोडीवर कानस फिरवायची, तारेखाली दोरा सरकवायचा, तार छेडायची, ऐकत राहायचं.

2009 साली मी होम थिएटर घेतलं. मुलांचा हट्ट म्हणून, असं सगळ्यांना सांगितलं. हौस माझीच होती. पाच लहान स्पीकर आणि बासचा मोठा खोका, म्हणजे सबवूफर. हा खोका पहिल्या दिवसापासून घुमायचा. सिनेमा संपला तरी त्याचं ‘हूंऽऽ’ चालूच. आठ दिवसांत आम्हांला त्याची सवय झाली.

महिन्याभरानं चाचा दारात आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. म्हणाले, “बेटा, तुमारे घर में एक सूर लगा है. आवाज कम किया तो बी हलता नई.” भिंतीतून तो सूर त्यांच्या खर्जाखाली येऊन बसायचा. महिनाभर ते पहाटेपर्यंत जागून, माझा खोका बंद होण्याची वाट बघून काम करत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेकॅनिक बोलावला. त्यानं पाच मिनिटांत खोक्याच्या प्लगमधली हिरवी वायर सोडवली. घुमणं बंद! पैसे घेऊन तो गेला, मीही खूश. पुढच्याच आठवड्यात अम्मीनं साफसफाईसाठी टीव्हीमागची केबलची वायर काढली आणि खोक्याच्या मागच्या पत्र्याला हात लावला. हाताला झिणझिण्या आल्या. तिनं ओरडून हात मागं घेतला म्हणून बरं. हिरवी वायर ही अर्थिंगची. आत कुठं बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला तीच वाट. ती तोडून मी शांतता विकत घेतली होती.

वायर पुन्हा जोडली, सूर पुन्हा आला. मग चाचांचंच वाक्य धरून बसलो. आवाज कमी केला तरी सूर हलत नाही, म्हणजे तो गाण्यातून येत नाही. खोक्याला येणारी आवाजाची वायर काढली, फक्त वीज ठेवली. खोका गप्प. तरीही घुमला असता तर दोष त्याच्या पोटात, बहुधा थकलेल्या कपॅसिटरमध्ये असता. वायर जोडली, घुमू लागला. मग टीव्हीची केबल काढली आणि तो एकदम थांबला.

चोर तिथं होता. आमच्या घराचं अर्थिंग एका जागी, केबलवाल्याच्या वायरीच्या जाळीचं दुसऱ्या. दोन्हींत किंचित फरक, आणि त्या फरकामुळं माझ्या आवाजाच्या वायरीच्या जाळीतून वीज फिरत होती. आपली घरची वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते, खोका तेच इमानानं मोठं करून ऐकवत होता. बिचारा स्पीकर! केबलच्या वायरीत एक छोटा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवला. त्यातून चित्र येतं, पण जाळीची सलग जोडणी तुटते. अर्थिंग जागच्या जागी राहिलं.

तरी सिनेमातल्या ढगांच्या गडगडाटाला भिंत थरथरायचीच. खोका मी कोपऱ्यात कोंबला होता, आणि कोपऱ्यात बास फुगतो. दीड हात पुढं ओढला, चाचांच्या भिंतीपासून दूर नेला. कपाटावरचे स्टीलचे डबेही हलवले; निम्मी थरथर त्यांचीच होती.

त्या रात्री खोका मुद्दाम चालू ठेवून मी भिंतीला कान लावला. पलीकडून कानस थांबली. तार छेडली गेली. मग बराच वेळ काहीच नाही. मी घाबरलो. तेवढ्यात चाचा आपल्या मुलाला म्हणाले, “दोरा जरा और सरका.”