हिवाळ्याचा हिशेब

सामाईक जमीन टिकत नाही, असं माझं पक्कं मत होतं. अर्थशास्त्राच्या वर्गात मी ते बेधडक सांगायचो. पुराव्यासाठी लांब जायची गरज नव्हती. आमच्याकडच्या गायरानांवर कुठे अतिक्रमण, कुठे मुरुमासाठी खोदाई, उरलेल्या भागात वेड्या बाभळी. वर गॅरेट हार्डिन यांच्या १९६८च्या लेखाचा भक्कम आधार. कुरण सगळ्यांना मोकळं असलं की प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडणार, कारण दूध त्याच्या एकट्याचं आणि उजाडलेलं कुरण साऱ्यांचं. मग उपाय दोनच: सरकारने ताबा घ्यावा, नाहीतर तुकडे पाडून मालक ठरवावेत.

या मताला टोर्बेलने सुरुंग लावला. स्वित्झर्लंडच्या वॉलिस प्रांतात, फिस्प नदीच्या कोरड्या खोऱ्यात, डोंगरउतारावर वसलेली ही जेमतेम काही शे वस्तीची ग्रामपालिका. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्या १९९०च्या पुस्तकामुळे ती अर्थशास्त्रात पोचली. त्याआधी गावात राहून तिथली जुनी दप्तरं चाळण्याची मेहनत मात्र रॉबर्ट नेटिंग या मानववंशशास्त्रज्ञाची. इथल्या जमिनीविषयीचे लेखी दस्तऐवज थेट १२२४पासूनचे आहेत. १ फेब्रुवारी १४८३ रोजी गावकऱ्यांनी सह्या करून उंचावरची कुरणं, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापरासाठी रीतसर संघटना उभी केली.

शेतं, द्राक्षमळे, गवताची खाचरं खासगीच होती, वारसांत वाटली जाऊन बारीक होत गेलेली. म्हणजे खासगी मालकी या लोकांना ठाऊक नव्हती असं नाही. डोंगरमाथ्यावरचं कुरण, जंगल, पाण्याचे पाट आणि वाटा मात्र त्यांनी समजून-उमजून सामाईक ठेवल्या.

मला खरा धक्का दिला तो निदान १५१७पासून लिखित असलेल्या एका नियमाने: हिवाळाभर गोठ्यात जेवढ्या गाई पोसता येतात, तेवढ्याच उन्हाळ्यात वरच्या कुरणावर न्यायच्या. किती साधी गोष्ट! गवताची गंजी ज्याच्या-त्याच्या शेतातली, त्यामुळे सामाईक कुरणावरचा हक्क आपोआप खासगी वैरणीला बांधला गेला. हार्डिनच्या गुराख्याला हिवाळाच नाही, हे माझ्या तोवर कधी लक्षात आलं नव्हतं. जास्त गाई नेणाऱ्याला दंड होता आणि वसुली करणाऱ्या गावच्या अधिकाऱ्याला त्यातला निम्मा मिळे. माणसाच्या चांगुलपणावर भिस्त ठेवलेली नाही, हे मला फार आवडलं. चीज वाटायचं गाईंच्या संख्येवर. वाटा दुरुस्त करायच्या, हिमलोटाने मोडलेल्या झोपड्या पुन्हा उभारायच्या, तर त्या श्रमाचा वाटाही बहुधा त्याच मापाने. तोडायची झाडं अधिकारी खुणा करून ठेवत आणि कुठली कुणाला ते चिठ्ठ्या टाकून ठरे.

हे वाचल्यावर हार्डिनचं कुरण मला सामाईक वाटेना. ते बेवारस होतं. आमचं गायरानही तसंच: कागदोपत्री मालक सरकार, आणि कुणी किती गुरं सोडायची हे ठरवणारं गावात कुणीच नाही.

म्हणून मी टोर्बेलचा भाट झालो असं समजू नका. लोकसंख्या आवाक्यात राहिली ती उशिरा होणारी लग्नं, अविवाहित राहिलेले पुष्कळ स्त्री-पुरुष आणि गाव सोडून गेलेले यांच्या जिवावर. कुरण हिरवं राहिलं याची एवढी किंमत कुणीतरी मोजली. शिवाय १४८३च्या त्याच कागदात लिहिलंय की परक्याने गावात जमीन विकत घेतली तरी सामाईक कुरणावर त्याला हक्क नाही आणि लाकूड तोडायची परवानगीही नाही. मर्यादा आखल्याशिवाय सामाईक काही टिकत नाही, हे डोक्याला पटतं. पण गावकी म्हटलं की आपल्याकडे पाणवठ्यावर कुणाला येऊ दिलं नाही, हे मला आठवल्यावाचून राहत नाही.

हल्ली हार्डिनपाठोपाठ टोर्बेलही शिकवतो. मग एखादा विद्यार्थी विचारतोच, "सर, म्हणजे सरकार नकोच का?" कुरणाच्या हिशेबाला नको, मी म्हणतो. पण त्या गावकऱ्यांनी ज्याला बाहेर ठेवलं, त्याने दाद मागायची कुणाकडे?