पहिली वीट

कोरी वही हातात आली, की तिचे पहिले पान सोडून मी दुसऱ्या पानावर लिहायला घेते. पहिले पान कोरे आहे तोवर आपल्याला अजून काहीही सुंदर लिहिता येईल, अशी एक आशा त्यामागे असावी. संगणकावर ही सोय नाही. नवा फोल्डर उघडला, की तो रिकामा असल्याचे आपल्याला स्वच्छ सांगण्यात येते आणि मग काहीतरी करण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी असा एक फोल्डर उघडला. निमित्त आजीच्या ओव्यांचे. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा आमच्या घरातले जाते थांबले. आजीच्या ओव्या मात्र थांबल्या नाहीत. आईने त्या दोन वह्यांत उतरवून घेतल्या. आजी आता ८४ वर्षांची आहे. ओवीची पहिली ओळ ती ठसक्यात म्हणते आणि दुसरीपाशी थबकते. मग आई वही काढते. पण वह्या राहिल्या घरी, आणि त्या मागणारी आत्या ठाण्याला, काका नाशिकला! तेव्हा मनात आले, की या ओव्या मोबाइलवर वाचता येतील, त्यांतला एखादा शब्द शोधता येईल, असे एक छोटेसे वेब ॲप्लिकेशन आपणच का करू नये? तेही अगदी शून्यापासून.

मराठी घेऊन बी. ए. करणाऱ्या मुलीने हा उद्योग करावा का, असा प्रश्न घरात निघालाच. ज्ञानेश्वरीची ओवी आणि जात्यावरची ओवी यांतला फरक मला ठाऊक आहे, संगणकाचे काय ते आज ना उद्या कळेल, असे उत्तर देऊन मी कामाला लागले.

शून्य म्हणतात ते किती भरलेले असते, हे पहिल्याच दिवशी कळले. ब्राउझरला समजणारी जावास्क्रिप्ट ही भाषा १९९५ सालची. ती ब्राउझरबाहेरही सहज चालावी म्हणून २००९ साली ‘नोड’ आले. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली पॅकेजे घरी आणून देणारे ‘एनपीएम’ त्याच्या पाठोपाठ आले. आणि २०२० साली इव्हान यू यांनी एक साधन तयार केले. आपण लिहू तसतसे पान ब्राउझरात ताबडतोब दाखवायचे आणि शेवटी सगळ्या फाइली आटोपशीर बांधून द्यायच्या, हे त्याचे काम. त्याचे नाव फ्रेंच, अर्थ ‘जलद’. आणि उच्चार, वाचकहो, चक्क ‘वीट’! जिच्या निम्म्या ओव्यांत विठोबा उभा आहे, त्या आजीसाठी याहून योग्य साधन कोणते? (वीट येणे हा दुसरा अर्थही चार दिवसांत अनुभवाला आला. असो.)

एका ओळीची आज्ञा दिली तेव्हा विटेने विचारले, की कोणता सांगाडा हवा? रिॲक्ट, व्ह्यू, स्वेल्ट अशी भारदस्त नावे समोर आली. मी ‘व्हॅनिला’ निवडले, म्हणजे सांगाडा नाहीच, साधी जावास्क्रिप्ट. दोनच वह्या होत्या. घरच्या सत्यनारायणाला हजार माणसांचा मांडव कशाला घाला?

तरीही मागितली होती एक वीट आणि तिच्याबरोबर दाराशी आली कितीतरी पॅकेजे. विटेला ज्यांची गरज होती ती, आणि त्यांना ज्यांची गरज होती ती! लग्नाला एकाला बोलवावे आणि त्याच्याबरोबर त्याचे व्याही-विहीण यावेत, तसे झाले. या नात्यागोत्यात धोकाही असतो. २०१६ सालच्या मार्च महिन्यात एका लेखकाने आपले अकरा ओळींचे पॅकेज एनपीएमवरून काढून घेतले आणि जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी एकाएकी अडली. अकरा ओळी! पण त्या कोणाच्या तरी होत्या, आणि त्यांच्यावर आपला भार आहे हे अनेकांना त्या दिवशीच कळले.

म्हणूनच प्रत्येक प्रकल्पात ‘पॅकेज-जेसन’ नावाची एक फाइल असते. आपण कोणाकोणाकडून काय घेतले, हे तीत लिहिलेले असते. तिच्या जोडीच्या ‘लॉक’ फाइलीत प्रत्येकाची नेमकी आवृत्तीही नोंदलेली असते. मला ती जुन्या घरांतल्या उसनवारीच्या वहीसारखी वाटली.

यानंतर मी पहिला बदल केला तो दोन अक्षरांचा. विटेने दिलेल्या मुख्य पानावर भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, अशी लिहिलेली होती. ती खोडून मी ‘एमआर’ लिहिले. हा केवळ अभिमानाचा भाग नव्हे. ज्या टंकांत मराठी वळणाची अक्षरे वेगळी भरलेली असतात, तिथे ही खूण पाहूनच आपला पाकळीचा ल आणि देठाचा श उमटतो. पान वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही आपण मराठी वाचतो आहोत हे त्यावरून समजते.

मग टंकलेखन. एक वही मी घेतली, दुसरी आईने मोबाइलवर. ‘वाऱ्या’ हा शब्द शोधून पाहिला, तर आईच्या वहीतली एकही ओवी सापडेना! शब्द डोळ्यांना तंतोतंत सारखा. पण मराठीचा तो अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. माझ्या कळफलकावर ऱ हे स्वतंत्र अक्षर होते. आईच्या मोबाइलमध्ये साधा र, हलन्त आणि पाठोपाठ एक अदृश्य जोडखूण. संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द. दोन्ही रूपे शोधण्यापूर्वी एक करून घेणाऱ्या दोन ओळी मी लिहिल्या. साऱ्या प्रकल्पात मला सर्वांत प्रिय त्याच ओळी आहेत.

प्रत्येक ओवीसोबत काय नोंदवायचे, हेही ठरवायचे होते. विषय, गाव आणि कवयित्री असे रकाने मी आखले आणि शेवटच्या रकान्यात आजीचे नाव घालू लागले. आजी म्हणाली, “माझं नगं लिवू, पोरी. ववी माझी न्हाई. मला सासूनं दिली, तिला तिच्या आयनं.” मी रकान्याचे नाव बदलले: ‘कोणाकडून’. पॅकेज-जेसनमध्ये मी आठवड्यापूर्वी जे वाचले होते, तेच आजीने न शिकता सांगितले.

राहिले गिट. २००५ साली लायनस टॉर्व्हाल्ड्‌स यांनी केलेले हे साधन कामाच्या प्रत्येक टप्प्याची नोंद ठेवते. त्याची स्मरणशक्ती आजीच्या अगदी उलट आहे: एकदा नोंदलेली फाइल पुढे खोडली, तरी जुन्या नोंदींत ती राहतेच. पहिली नोंद करण्यापूर्वी मी सगळ्या ओव्या आजीला वाचून दाखवल्या. तान्हेपणी गेलेल्या तिच्या लेकीवरची एक ओवी आली तेव्हा ती म्हणाली, “ही घरातच ऱ्हाऊ दे.” काय नोंदायचे नाही याची एक यादी गिटला देता येते. ती ओवी मी ‘घरचे’ नावाच्या फाइलीत ठेवली आणि त्या फाइलीचे नाव यादीत लिहिले. वह्यांत २१२ ओव्या आहेत. आत्या ठाण्याला वाचते त्या २११.

शून्यापासून आरंभ करायचा म्हणजे आपल्याआधी कोणी नव्हते असे समजायचे, ही माझी जुनी कल्पना. आता वाटते, रिकामा फोल्डर आपल्याला तीनच प्रश्न विचारतो: काय घेणार, कोणाकडून घेतले म्हणून सांगणार, आणि काय उंबऱ्याबाहेर नेणार नाही? या तिन्हींची उत्तरे देण्यासाठी विज्ञान शाखेत नाव घालावे लागत नाही.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरी अशा वह्या असतील. काही ओव्या तर अजून वहीतही आल्या नसतील. संगणकाचे राहू द्या, ते मागाहून शिकता येईल. आधी आजीजवळ बसा आणि तिला दुसरी ओळ विचारा.