इन्स्पेक्टरचा फोटो आणि कडब्याची कोपी

आमच्याकडे, म्हणजे नांदेड-लातूरकडे, लहान मुलांच्या फोटोशूटच्या थीम ठरलेल्या आहेत. गोकुळाष्टमीला कृष्ण आणि राधा, शिवजयंतीला मावळा, आषाढीला टाळवाला वारकरी, संक्रांतीला हलव्याचे दागिने. उरलेलं वर्षभर पहिल्या वाढदिवसाचा केक, तो लेकराच्या तोंडाला फासला की काम झालं. मी आठवडाभर नांदेडला नोकरी करते आणि शनिवार-रविवारी कॅमेरा घेऊन फिरते, त्यामुळे हे सगळे बालकृष्ण जवळून पाहिलेत. बहुतेकांचं मोरपीस डोळ्यात जात असतं.

माझी ताई लातूरला असते. तिला तिच्या दोन लेकरांचं शूट हवं होतं, पण स्टुडिओत नाही, बाहेर. दादू साडेपाच वर्षांचा, चिऊ साडेतीनची. पहिला विचार किल्ल्याचा होता. औसा जवळ, उदगीर थोडं लांब, माझ्या बाजूनं कंधार. किल्ला म्हटला की मावळे आलेच. उदगीरला १७६० साली मराठ्यांनी निजामाला हरवलं होतं, तेव्हा तिथं भगवा फेटा तसा शोभला असता. पण साडेतीन वर्षांचं मूल, खोल खंदक आणि कठडा नसलेला बुरूज ही तिन्ही एका फ्रेममध्ये नकोत असं मी सांगितलं. फोटो काढताना मोठ्यांचं लक्ष मुलाच्या चेहऱ्यावर असतं, पायाकडे नसतं.

मग ताईनं 'छोटा शेतकरी' काढला. धोतर, बंडी, फेटा, चिऊला इरकलचं परकर-पोलकं, खांद्यावर नांगर. आणि दिवस येळवसचा. जागा तिच्या सासरची, औसा तालुक्यातली.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी: वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर-धाराशिवकडचा, आमच्या नांदेडच्याही काही भागातला आणि सीमेपलीकडं कर्नाटकातला सण. त्या दिवशी लातूर शहर दुपारी संचारबंदी लागल्यासारखं रिकामं असतं, कारण सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात. ज्यांना शेत नाही त्यांना आमंत्रणं असतात. रानात कडब्याची कोपी उभी करतात, आत दगडांना चुना लावून पाच पांडव मांडतात, पूजा होते आणि मग जेवण. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, ताकातली आंबील आणि भज्जी. भज्जी म्हणजे कांदाभजी नव्हे. हरभरा, तूर, वाल, वाटाणा, पालेभाज्या, हाताला लागेल ते हिरवं बेसनात शिजवतात. फोटोत ती चिखलासारखी दिसते. चवीला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

फोटोसाठी हा दिवस खरंच चांगला. डिसेंबरचं ऊन दहापर्यंत मऊ असतं आणि चारनंतर पुन्हा मऊ होतं. सहाच्या आतच सूर्य मावळतो, त्यामुळे मुलं पेंगायच्या आधी चांगला उजेड मिळतो. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली, हरभरा घाट्यावर. अडचणी पण आहेत. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, उघड्या पायांना ती चुणचुणते. करडईचे काटे तर विचारूच नका. म्हणून मी जागा आधीच ठरवली होती: कोपीचं तोंड, पुढची सारवलेली जागा, बांधावरचं एक झाड. कोपीच्या आतला उजेड फार गोड असतो. कडब्याच्या फटींतून तो गाळून येतो आणि चेहऱ्यावर सावल्या टोचत नाहीत. मुलांच्या बाबतीत बाकी नियोजन सोपं आहे. पोट भरलेलं हवं, झोप झालेली हवी, आणि आपण जमिनीवर बसायची तयारी हवी. वीस मिनिटं मिळाली तर मिळाली.

ताईनं गंजगोलाईजवळच्या गल्लीतून कपडे भाड्यानं आणले. सोबत थर्माकोलचा नांगर, तपकिरी रंगवलेला, वजन पाचशे ग्रॅम. मी आदल्या दिवशी लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचले आणि सकाळी आम्ही गावाकडं निघालो.

नांगर गाडीतून उतरवला आणि आबांनी तो पाहिला. आबा म्हणजे ताईचे सासरे. आधी ते हसले. मग दादूच्या खांद्यावर ठेवलेला पाहून गप्प झाले.

"हे काय करायलाव तुम्ही?"

"फोटो काढायलोत आबा. शेतकऱ्याचा वेश."

"वेश? अगं, बैलं विकून बारा वर्षं झाली. ट्रॅक्टर भाड्यानं येतो. ह्या लेकराच्या खांद्यावर औत कशापाई?"

ताई म्हणाली, "आबा, खेळ आहे नुसता. आपल्या मातीची ओळख राहावी म्हणून."

"वळख?" आबा खाली बसले. "तुझ्या नवऱ्याला लातूरला खोली करून दिली. क्लासच्या फीपायी दोन एकर गेलं. कशापाई गेलं? हेच अंगावरून उतरावं म्हणून. आन् आता पैसे देऊन तेच आणलाव?"

दाजी कोपीमागं फोनवर बोलत असल्यासारखे उभे राहिले. ताई माझ्याकडं पाहत होती. मी लेन्स पुसत होते, ती स्वच्छ होती.

मग आबांनी आपण होऊन एका फोटोची गोष्ट सांगितली, जी ताईनंही कधी ऐकली नव्हती. १९९१ मध्ये त्यांनी दाजींना लातूरच्या एका स्टुडिओत नेलं होतं. दाजी चार वर्षांचे. स्टुडिओवाल्याकडं तीन ड्रेस होते, त्यातला इन्स्पेक्टरचा निवडला. खाकी चड्डी, टोपी, हातात छडी, मागं रंगवलेला धबधबा. हसू नको, इन्स्पेक्टर हसत नसतो, असं सांगून फोटो काढला. तो फ्रेम करून भिंतीला लावला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या भागात हजारो माणसं गेली. आबांच्या घरातली वाचली, पण दगडमातीच्या भिंती बसल्या. ढिगाऱ्यातून पेटी निघाली, पितळेचा हंडा निघाला, फ्रेम काही निघाली नाही. दाजींचा लहानपणीचा दुसरा फोटो नाही. आबांचा स्वतःचा तर एकही नाही.

मी ते ऐकत असताना डोक्यात जुने स्टुडिओ फिरत होते. इन्स्पेक्टर, फौजी, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला डॉक्टर. प्लायवूडची मोटरसायकल, टेबलावर लाल टेलिफोन. घरात जे नाही आणि पुढं यावं असं वाटतं, ते सगळं त्या पडद्यासमोर मांडलेलं असायचं. आईबाप लेकराला उद्याचे कपडे घालायचे. आमच्या पिढीनं दिशा फिरवली. आता घरात जे उरलं नाही ते आम्ही भाड्यानं आणतो: धोतर, बैल, जातं, चूल. दोन्हींत सोंगच आहे, पण आबांचं सोंग स्वस्त नव्हतं. त्याची किंमत पुढची वीस वर्षं त्यांनी भरली.

लुईस कॅरल हा 'ॲलिस'ची गोष्ट लिहिणारा लेखक फोटोही काढायचा. १८५८ मध्ये त्यानं ऑक्सफर्डच्या डीनच्या मुलीला, खऱ्या ॲलिसला, भिकारणीचे फाटके कपडे घालून भिंतीशी उभं केलं. सहाएक वर्षांची पोर, खांदा उघडा, हात पुढं केलेला. फोटो उत्तम आहे. तो पाहताना मला नेहमी एकच वाटतं, खऱ्या भिकारणीच्या मुलीला कुणी कॅमेऱ्यापुढं नेलं असतं तर ती असे कपडे घालायला तयार झाली नसती.

आमच्या शेतात याचा पुरावा अर्ध्या तासात चालत आला. शेजारच्या शेतातल्या सालगड्याची मुलगी, सात-आठ वर्षांची, आईबरोबर आंबील द्यायला आली. अंगात जांभळा, चमकी लावलेला, जाळीचा फ्रॉक. सणासाठी नवा. ती दादूच्या धोतराकडं इतक्या आश्चर्यानं बघत होती, की दादूनं ते स्वतःच सोडून टाकलं. तसंही ते तिसऱ्यांदा सुटत आलं होतं. खाली त्याची रोजची निळी पँट होती. नांगर आबांनी उचलून कोपीमागं ठेवला, दाजींच्या शेजारी.

थीम गेली. पण मुलं खेळायला कधीच लागली होती. दादूच्या डोक्यात कोपी म्हणजे हॉटेल आलं. लातूर-नांदेड रस्त्यावरचे ढाबे त्यानं पाहिलेत. मी एवढंच केलं की पुठ्ठा आणि खडू दिला, आणि गिऱ्हाईक दारात बसेल असं पोतं अंथरलं, कारण उजेड तिथं होता. दादूनं पाटी लिहिली: 'आंबिल २ रु. उंडा १० रु. भज्जी फुकट'. चिऊ वेटर. फ्रॉकवाली स्वयंपाकी, आणि ती या हॉटेलातली एकमेव जाणकार होती. आंबील ढवळून, वरचा लसूण बाजूला करून कशी वाढायची ते तिनं चिऊला रागावून शिकवलं. पहिलं गिऱ्हाईक आबा. त्यांनी मिशा पुसत पाणी मागितलं, मग बिल मागितलं, मग उंडा कडक आहे म्हणून भांडण काढलं. चिऊनं त्यांना हॉटेलातून हाकलून दिलं. ते बाहेर जाऊन दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या आवाजात परत आले. असं चार वेळा. मी सारवलेल्या जमिनीवर पालथी पडून दोनशेच्या वर फोटो काढले, त्यातले तीस चांगले आहेत. एकातही कुणी कॅमेऱ्याकडं बघत नाही.

ताईचा चेहरा आधी पडलेला होता. चार हजारांचं शूट म्हणून मैत्रिणींना सांगून झालं होतं, आणि निळी पँट तिच्या ठरवलेल्या रंगांत बसत नव्हती. संध्याकाळी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर आबा आणि चिऊचं भांडण तिनं बराच वेळ पाहिलं. इन्स्टावर तिनं शेवटी परकर-पोलक्यातला एकच टाकला, सुरुवातीच्या पाच मिनिटांतला. छान आहे तोही.

निघताना फ्रॉकवालीच्या आईनं मला बाजूला घेतलं. लेकीचा एक फोटो काढाल का, म्हणाली. मी कोपीकडं वळले, उजेड अजून होता. "तिथं नाही, गाडीपाशी," ती म्हणाली. दाजींच्या पांढऱ्या गाडीच्या दाराशी मुलगी ताठ उभी राहिली, एक हात आरशावर. हसली नाही. मी तो तसाच काढला, पूर्ण गाडी येईल असा, आणि तिच्या आईच्या फोनवर पाठवून दिला.

आबांनी मला शेतातून गाडीपर्यंत सोडलं. हॉटेलचा फोटो कागदावर काढून मिळतो का, असं त्यांनी विचारलं. मिळतो म्हटलं, केवढा हवा? त्यांनी हातानं माप दाखवलं, साधारण एक फूट.

"दोन कर. एक इथं लावतो, एक लातूरच्या घरी. दोन्ही एका घरात ठेवायचे नाहीत."

तिसरा मी नांदेडला ठेवलाय, ते त्यांना अजून सांगितलेलं नाही.