आठ वेळचे जेवण

अन्ननलिकेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन मला दीड वर्ष झाले. डॉक्टरांनी रोगट अन्ननलिका काढली आणि जठराचीच नळी करून वर जोडली. पोटाची कोठी गेली, अरुंद पाट राहिला. पाटात एकदम पाणी सोडले तर तो फुटतो, तसेच हे.

म्हणून आता दिवसातून सात-आठ वेळा थोडे थोडे खाते. नाचणीची पेज, मऊ वरणभात, ताकात कुस्करलेली भाकरी. पाणी जेवताना नाही, अर्ध्या तासाने. गोड जास्त झाले की छाती धडधडते, घाम फुटतो. जेवून लगेच आडवे व्हायचे नाही. रात्री आंबट वर येऊ नये म्हणून सूनबाईने खाटेच्या उशाकडच्या खुरांखाली विटा घातल्या.

वजन १४ किलो उतरले. चोळ्या सैल झाल्या तेव्हा जीव खचला. पहिल्या महिन्यात ओसरी ओलांडवत नव्हती. आता बांधापर्यंत जाऊन येते. तपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. तरी घरात बियाणे निवडायचे काम माझ्याकडेच आहे, आणि ते करताना मन आपोआप पुढच्या हंगामाकडे जाते.

वाचकहो, घास अडकू लागला, भाकरी पाण्याशिवाय उतरेना, तर लगेच तपासून घ्या. तंबाखू, मिश्री, दारू सोडा. चहा कढत पिऊ नका. आणि घरात असा रोगी असेल तर त्याच्या ताटाकडे पाहून ‘एवढेच?’ म्हणू नका. दोन तासांनी पुन्हा वाढा.