अर्जातले चौथे नाव

माझे अक्षर बरे आहे. माझा हा एकच गुण गावात सर्वांना मान्य असल्यामुळे सुट्टीत घरी गेलो, की कुणी ना कुणी कोरा कागद घेऊन दारात उभा असतो. विहिरीचा अर्ज, घरकुलाचा अर्ज, गावात एस.टी. थांबावी म्हणून अर्ज. कला शाखेत शिकून पोरगा काय करणार, या प्रश्नाला आईने शोधून काढलेले हे उत्तर आहे : "अर्ज लिवते."

गेल्या दिवाळीत मासेमार संस्थेचे म्हातारे काका आले. त्यांच्याकडे कोरा कागद नव्हता, वहीचे फाडलेले पान होते. त्यावर पाच नावे होती. "तलावाच्या पोटात यायनं शेती केली. अर्ज लिवाचा हाय. घाई नाई बाबू, कायदा पाहून लिव," असे म्हणून त्यांनी पान माझ्या हातात दिले आणि ते माझ्याकडे न पाहता निघून गेले. चौथे नाव माझ्या बाबांचे होते.

आमचे गाव गोंदिया जिल्ह्यातले. आमच्या पूर्व विदर्भात तलाव निसर्गाने दिलेले नाहीत, माणसांनी बांधले आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणत्यांनी जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी हेरला, मातीच्या पाळी घातल्या, जंगलातून धावत येणारे पावसाचे पाणी अडवले आणि त्यावर धान पिकवला. पुढे मालगुजारी आली. तलाव मालगुजारांचे झाले. आमचा मुलूख मध्य प्रदेशात असताना १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि ३१ मार्च १९५१ पासून हे तलाव सरकारजमा झाले. 'माजी मालगुजारी तलाव' हे कागदावरचे लांबलचक नाव लोकांनी आखूड करून 'मामा तलाव' केले. असे सहा हजारांहून अधिक मामा पूर्व विदर्भात आहेत. मात्र मामाने भाच्यांना सांभाळायचे की भाच्यांनी मामाला, हे काही ठरले नाही!

माझे आजोबा मालगुजारीचे गोडवे गात नसत. बेगारीने पाळीवर माती टाकणाऱ्यांच्या घरातले ते होते. पण एक गोष्ट ते मान्य करीत. ते म्हणत, "पाळ फुटली तं रातच्याला कोनाले उठवाचं, हे तवा ठाऊक होतं." पुढे लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. गावाचे हक्क निस्तारपत्रकात नोंदले गेले. हक्क लोकांच्या ध्यानात राहिले. गाळ काढण्याचे, पाळीला माती लावण्याचे काम मात्र हळूहळू कुणाचेच उरले नाही. तलावात गाळ साचला, पाणी आत सरकले, काठ उघडा पडला. उघड्या काठावर आधी गुरे बसली, मग बेशरमाची झुडपे आली, आणि मग कुणीतरी पहिला धुरा घातला.

आमच्या दोन बांध्या अशाच झाल्या. तिथे धान होतो, धान निघाला की लाखोळी होते. माझ्या महाविद्यालयाच्या प्रवेशाचे पैसे त्याच धानातून आले. तेव्हा त्या पाच नावांकडे मी परक्यासारखे पाहू शकत नव्हतो.

सुट्टी संपवून परत आलो आणि वाचनालयात कायदे काढून बसलो. पहिला हाती लागला तो १९७४ चा जलप्रदूषणाचा कायदा. तो पाण्यात घाण सोडणाऱ्याला धरतो. आमच्या तलावावर कारखाना नाही, त्यामुळे त्याचा उपयोग नव्हता. मग पाणथळ जागांचे नियम सापडले, आधी २०१० चे आणि त्यांच्या जागी आलेले २०१७ चे. चौथ्या नियमात पाणथळ जागेवर कोणत्याही प्रकारच्या अतिक्रमणाला मनाई आहे. मला कोण आनंद झाला! तो व्याख्येपर्यंतच टिकला. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले तलाव आणि सिंचनासाठी खास केलेली बांधकामे त्या व्याख्येतूनच वगळलेली आहेत. ज्या तलावात कमळे फुलतात, हिवाळ्यात बदके उतरतात, ज्याच्या जिवावर पाळीखालच्या विहिरींना चैत्रातही पाणी असते, तो माणसाने बांधला एवढ्याच कारणाने नियमाबाहेर! त्याच २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने, उपग्रहाच्या नकाशावर दिसणाऱ्या, सव्वादोन हेक्टरांहून मोठ्या दोन लाखांवर पाणथळ जागांना जुन्या नियमांतील तत्त्वे लावण्यास सांगितले. म्हणजे एक दार बंद, दुसरे अर्धवट उघडे. आमचा तलाव कोणत्या दारात उभा आहे, हे आमच्या राज्यशास्त्राच्या सरांनाही चटकन सांगता आले नाही.

शेवटी सरांनीच २०११ सालचा एक निकाल दाखवला. पंजाबातील रोहर जागीर गावचे तळे काही लोकांनी बुजवून त्यावर बांधकाम केले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उठवले आणि गावोगावच्या सामाईक जागा, तळी मोकळी करण्याच्या योजना आखा, असे सर्व राज्यांना बजावले. हा निकाल वाचताना मी दोनदा थांबलो. इथे पळवाट नव्हती. जे तिथल्या लोकांनी केले, तेच थोड्या प्रमाणात आम्ही केले होते.

आता जी गोष्ट सांगायची आहे, ती अर्जात नाही. मी सातवीत असतानाची. त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. तलाव भरत चालला तसे पाणी पोटातल्या बांध्यांत शिरू लागले. एका रात्री बाबांनी मला उठवले. पाळीतून पाणी सोडण्याचे जे दार असते, त्याला आमच्याकडे तुडुम म्हणतात. आम्ही तिथे गेलो. बाबा आणि आणखी दोघे खाली उतरले, मी बॅटरी धरून पाळीवर उभा राहिलो. पाणी सुटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आमचा धान वाचला. पण तलाव भरला नाही. माघात पाणी तळाला गेले, होळीपर्यंत पाळीखालच्या विहिरी खरडल्या गेल्या, आणि आई दोन घागरी घेऊन टोलीवरच्या हातपंपावर जाऊ लागली. धीवरांची जाळी त्या वर्षी रिकामी आली. काकांना सारे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी कागद दुसऱ्या कुणाकडे न नेता माझ्याकडे आणला असावा.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा काकांनी मला काठाने फिरवले. त्यांना तलाव म्हणजे नुसते पाणी वाटत नाही. मरळ कुठे पिले सांभाळते, कोणते गवत पाण्याखाली हवे, कोणत्या उथळ काठावर पाखरे चरतात, हे त्यांच्या बोटांवर आहे. ज्याला मी आजवर 'घाण' म्हणत होतो, त्यातल्या प्रत्येक वनस्पतीला त्यांच्याकडे नाव होते. आमच्याच जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात धीवरांच्या संस्थांनी बेशरम उपटून काढला, जमीन नांगरली आणि पाण्यातल्या देशी वनस्पती पुन्हा लावल्या. तिथे मासे परतले. काकांना तेच आमच्याकडे करायचे आहे. पण त्यासाठी लागणारा उथळ काठ नेमका आमच्या धुऱ्यांखाली आहे.

त्या रात्री मी अर्ज लिहिला. चार नावे भराभर लिहून झाली असती, पण चौथे आडवे आले. नाव काकांच्या क्रमानेच लिहिले. अर्ज उशीखाली ठेवून झोपलो. सकाळी पाहतो तर बाबा ओसरीवर बसून तो वाचत होते. माझ्या पोटात गोळा आला. त्यांनी कागद सावकाश घडी केला.

"क्षेत्र चुकलं हाय," ते म्हणाले. "पाऊन एकर नाई, एकराच्या वर हाय. लिवाचं तं बरोबर लिव."

मी आकडा दुरुस्त केला. थोड्या वेळाने गुरांना पाणी पाजता पाजता ते पाठमोरेच बोलले, "पाचही जन उठतीन, तवा मी उठीन. एकटा नाई."

हे वाक्य मला कुठल्याच कायद्यात सापडले नव्हते. तलाव कुणाचा आहे, हे कायदा सांगू शकतो. तो पाळला जायचा असेल तर पाचही जणांना एकाच दिवशी उठावे लागेल, आणि त्यांना तसे म्हणणारा माणूस गावातच लागेल. आजोबा म्हणत तो, रात्री ज्याला उठवायचे तो माणूस.

अर्ज कार्यालयात दिला आहे. पोच मिळाली, उत्तर अजून नाही. येत्या सुट्टीत गावी गेलो, की उरलेल्या चार घरी मीच जाणार आहे. या वेळी हातात कागद नसेल. त्या रात्री बॅटरी मी धरली होती, एवढे सांगून बोलायला सुरुवात करीन म्हणतो.