बाप मॉगॉस्सॉ?

संपादक मंडळाने फर्मान काढलं, "तू कोरियाला जाऊन आलास ना, मग दोन पानं लिही. खाण्याचं लिही, फिरण्याचं लिही, लोक आवडीने वाचतात." आता मेसच्या पातळ आमटीवर जगणाऱ्या जनतेला परदेशातल्या जेवणाची वर्णनं वाचायला लावणं म्हणजे खरं तर पाप. पण आदेश तो आदेश! तर मंडळी, ही हाल्मोनीच्या घराची गोष्ट. हाल्मोनी म्हणजे आजी.

मी तेव्हा तिसऱ्या वर्षाला होतो (आता इथेच एम.टेक. करतोय). ऑगस्ट ते डिसेंबर २०२३, एक सेमिस्टर, एक्स्चेंजवर देजॉन शहरात. सोलपासून दक्षिणेला, वेगवान गाडीने साधारण तासाभरावर. संशोधन संस्थांचं शहर. तिथल्या हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नाही, तेव्हा लॅबमधल्या एका सिनियरने त्याच्या चर्चमधल्या एका आजींची रिकामी खोली मिळवून दिली. नवरा वारलेला, मुलगा दुसऱ्या शहरात. जुन्या गल्लीतलं बैठं घर, अंगणात एक पर्सिमनचं झाड. पर्सिमन म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं केशरी, गोड फळ.

पहिल्याच संध्याकाळी बॅगा ठेवतोय तोच तिने विचारलं, "बाप मॉगॉस्सॉ?"

मी दचकलो. कारण बाबांना जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. नंतर कळलं, 'बाप' म्हणजे त्यांच्याकडे भात, आणि भात म्हणजेच जेवण. "जेवलास का?" एवढंच ती विचारत होती. कोरियात हे 'कसा आहेस'च्या जागी विचारतात. आपल्या गावाकडेही तेच की. पण तो शब्द रोज दोन-तीनदा कानावर पडायचा आणि रोज आत कुठेतरी टोचायचा.

हाल्मोनीचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. पाच वाजता चर्चमध्ये पहाटेची प्रार्थना. कोरियन प्रोटेस्टंट लोकांची ही खास प्रथा; १९०७ च्या आसपास प्योंगयांगमध्ये किल सॉन-जू यांनी ती रुजवली असं मानतात. थंडी असो, पाऊस असो, ती छत्री घेऊन निघायची. चर्चमध्ये तिला 'क्वॉन्सा' असा मान होता. ज्येष्ठ, जबाबदार बायकांना तो देतात. आजाऱ्यांना भेटणं, दुखवट्याच्या घरी जाणं, रविवारी तळघरातल्या स्वयंपाकघरात सगळ्यांसाठी जेवण रांधणं ही त्यांची कामं. परत आली की छोट्या बैठ्या मेजाशी बसून वहीत बायबल उतरवून काढायची. वाचून नव्हे, अक्षर अन् अक्षर हाताने लिहून! तिथल्या अनेक वयस्क बायका असं करतात. ते पाहून मला आमच्या आळीतल्या काकू आठवल्या, रामनाम लिहिलेल्या वह्यांच्या चळती रचणाऱ्या.

तिने एकदा विचारलं, "तुमच्या भाषेत आहे का हे?" मी म्हटलं, आहे की, आमच्या पंडिता रमाबाईंनी अख्खं बायबल मराठीत आणलं, १९२४ मध्ये ते छापून झालं. एका बाईने एकटीने? तिला फार कौतुक वाटलं. (आमचं सगळं संभाषण मोबाइलवरच्या भाषांतराच्या ॲपमधून. त्यामुळे कधी कधी भलतेच विनोद व्हायचे. असो.)

आता जेवण. भात, एक सूप किंवा रस्सा, आणि भोवती पाच-सहा वाट्या, त्यांना 'बानचान' म्हणतात. किमची तर हवीच. मोड आलेल्या सोयाबीनची भाजी, तीळतेलातला पालक, भोपळ्याचे काप. सोयाबीन आंबवून केलेल्या पेस्टचा 'ट्वेनजांग चिगे' हा रस्सा पहिल्या दिवशी मला वासानेच गार करून गेला, आणि महिन्याभरात त्याच्याशिवाय चैन पडेना. मी बीफ-पोर्क खात नाही हे पहिल्या दिवशी एकदाच सांगितलं होतं. पाच महिन्यांत तिने ते एकदाही पुन्हा विचारलं नाही, आणि एकदाही ताटात आलं नाही. ताप आला तेव्हा तिने तांदळाची मऊ पेज केली, वर थोडं तीळतेल. मी ती खाताना भिंतीकडे तोंड करून बसलो होतो. का, ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

आणि अशा बाईशी मी काय वागलो, तेही लिहितो.

जेवणाआधी ती डोळे मिटून मोठ्याने प्रार्थना म्हणायची. त्यात तिच्या उच्चारात माझं नाव यायचं. आईला फोनवर सांगितलं तर ती घाबरली. "बाटवतील रे तुला, सांभाळून राहा." बाबा गेल्यापासून ती तशीही कशालाही घाबरते. पण तिची भीती माझ्या डोक्यात शिरली. दुसऱ्या दिवशी मी ॲपमध्ये टाइप केलं, "मी धर्म बदलणार नाही. कृपया माझ्यासाठी प्रार्थना करू नका." आणि फोन तिच्यापुढे धरला.

तिने चष्मा लावून वाचलं, मान हलवली आणि रस्सा वाढला. त्या दिवसापासून मोठ्याने प्रार्थना बंद. मनातल्या मनात काही म्हणायची, मग चमचा उचलायची. वाट्यांची संख्या मात्र कमी झाली नाही. मी जिंकलो होतो म्हणा. जिंकल्यासारखं वाटलं नाही, एवढंच.

सप्टेंबरमध्ये एका शनिवारी ती मला देचॉंगच्या तलावावर घेऊन गेली. डब्यात किंबाप, म्हणजे समुद्री शेवाळाच्या कागदात गुंडाळलेला भात, आणि उकडलेले रताळे. सिव्हिलवाल्यांसाठी: गम नदीवरचं हे धरण १९८० च्या सुमारास पूर्ण झालं, थोडा भाग काँक्रीटचा आणि थोडा दगडभरावाचा. टेकड्यांच्या मधून पाण्याचे फाटे आत घुसलेले, काठावर झाडी, पलीकडे धुकं. मी फोटो काढत सुटलो होतो. ती एकाच दिशेला बघत बसली होती. मग पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माझं माहेर." मुनई भागातली गावं या धरणात गेली, काही जुनी घरं उचलून वर टेकडीवर मांडून ठेवली आहेत. तिचं नव्हतं त्यात.

मी फोन घेतला आणि लिहिलं, "आमचंही." आजोबांचं गाव कोयनेच्या शिवसागरात गेलं. बाबा लहान होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते आम्हाला काठावर नेऊन बोट दाखवायचे, "ते बघ, तिथं आपलं जोतं." मला तेव्हा कंटाळा यायचा. चिखलाशिवाय काही दिसायचं नाही. देचॉंगच्या काठावर पहिल्यांदा वाटलं, बाबा काय दाखवत होते ते विचारायला हवं होतं. तिने काही न बोलता उरलेलं रताळं माझ्या हातात ठेवलं.

मग आला छुसॉक. आठव्या चांद्र महिन्याची पौर्णिमा, कोरियाचा सगळ्यात मोठा सण, पूर्वजांची आठवण करण्याचा. २०२३ मध्ये तो २९ सप्टेंबरला होता. इकडे आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, आणि त्या दिवशी भाद्रपद पौर्णिमा. बाबा गेले १३ जुलै २०२२ ला, आषाढी पौर्णिमेला. वर्षश्राद्ध करूनच मी निघालो होतो. आता पहिला म्हाळ, तिथी पौर्णिमा, आणि एकुलता एक मुलगा देजॉनमध्ये! आई म्हणाली, "काका घालतील. तू मनाला लावून घेऊ नकोस." असं म्हटलं की जास्तच लागतं.

आदल्या रात्री आम्ही 'सोंगप्यॉन' केले. तांदळाच्या पिठाची पारी, आत तीळ आणि साखर, अर्धचंद्राचा आकार, पाइनच्या पानांवर वाफवायचे. अहो, उकडीचे मोदकच की! मी एकाला कळ्या पाडून मोदक केला तर ती टाळ्या वाजवून हसली. म्हणाली, ज्याचे सोंगप्यॉन सुबक त्याला मुलगी सुंदर होते. शेजारी पातेल्यात 'नोक्तू' भिजत होते, दुसऱ्या दिवशीच्या 'बिनदेत्तॉक'साठी. मी झाकण काढून पाहिलं आणि तसाच उभा राहिलो. मूग! बिनदेत्तॉक म्हणजे मुगाची जाड धिरडी. बाबांच्या आवडीची. म्हाळाच्या दिवशी घरी आई हीच करणार होती.

सकाळी हाल्मोनीने मेजावर नवऱ्याचा फोटो ठेवला. तिथल्या परंपरेत अशा वेळी अन्न मांडून पूर्वजांपुढे पूर्ण वाकून नमस्कार करतात. प्रोटेस्टंट लोक तो करत नाहीत. त्याऐवजी कुटुंबाने बसून प्रार्थना करायची, गीत म्हणायचं, गेलेल्याच्या आठवणी सांगायच्या. हाल्मोनीचं आयुष्य याच एका नमस्काराने दोन तुकडे केलं होतं. लग्नानंतर ती ख्रिस्ती झाली, दिराच्या घरी वाकायला नकार दिला, आणि पुढे कित्येक वर्षं त्या घराने तिला सणाला बोलावलं नाही. आता दीरही गेले. त्यांचा मुलगा दर छुसॉकला नाशपातीची पेटी पाठवतो, स्वतः येत नाही. हे सगळं तिने त्या सकाळी ॲपवर, थांबत थांबत सांगितलं. मग विचारलं, "तुझं कोणी आहे?"

मी मोबाइलवर बाबांचा फोटो काढला. तिने फोन माझ्या हातातून घेतला आणि आपल्या नवऱ्याच्या फोटोला टेकवून उभा केला. तिने एक गीत म्हटलं. बिनदेत्तॉकची ताटली, माझ्यासाठी पोर्क न घालता वेगळी केलेली, दोन्ही फोटोंसमोर होती. ती नैवेद्य म्हणून ठेवली नव्हती, जेवायलाच मांडली होती. मग ती म्हणाली, "मी वाकत नाही. पण तो तुझा बाप आहे. तू कर." आणि उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला.

मी नमस्कार केला. बराच वेळ डोकं जमिनीवरच होतं. ज्या नमस्कारासाठी तिने सासरचं माणूस न् माणूस गमावलं, तो तिने आपल्या घरात मला करू दिला. माझ्या अंगात असं मोठेपण आहे का? ॲपमध्ये टाइप केलेलं ते वाक्य आठवलं आणि खरंच लाज वाटली.

नंतर एक धिरडं मी अंगणाच्या भिंतीवर ठेवलं. कावळा काही आला नाही. संध्याकाळी मुंग्या लागल्या. आईचा फोन आला, "तिकडे काकांनी ठेवलं तर कावळा लगेच शिवला बघ." मी इथलं सांगितलं नाही. ती म्हणाली, "जेवलास का?"

नोव्हेंबरच्या सुरुवातीला चर्चच्या बायकांबरोबर क्येर्योंगसान डोंगरावर गेलो. १९६८ पासूनचं राष्ट्रीय उद्यान, पायथ्याशी दोंगहाक्सा हा बौद्ध भिक्खुणींचा मठ. मॅपलची पानं लालभडक, ओढ्यात तीच पानं तरंगतायत. सगळ्या आज्या रंगीत जॅकेटं घालून माझ्यापुढे तुरुतुरु चढत होत्या आणि रोज व्हॉलीबॉल खेळणारा मी मागे धापा टाकत होतो! मठापाशी एका भिक्खुणीने वाकून अभिवादन केलं, हाल्मोनीनेही केलं, आणि दोघी चक्क यंदाच्या कोबीच्या भावावर बोलत बसल्या. कारण महिनाअखेर किमजांग होतं, हिवाळ्याभराची किमची एकदम घालण्याचा सोहळा. २०१३ पासून तो युनेस्कोच्या यादीत आहे. रात्रभर मिठात मुरवलेला चिनी कोबी, मिरचीपूड, लसूण, आलं, मुळा, खारवलेली कोळंबी. कोपरापर्यंत लाल हात आणि अखंड गप्पा. आपल्याकडे पापड-कुरडयांना आळी जमते, तस्संच.

त्याच महिन्यात आम्ही अंगणातली पर्सिमन उतरवली. मी शिडीवर, ती खाली टोपली धरून. शेंड्यावर चार-पाच फळं राहिली तेव्हा ती ओरडली, "पुरे!" मला वाटलं, मी पडेन म्हणून. तर म्हणाली, "ती काच्चीची." काच्ची म्हणजे मॅगपाय, काळा-पांढरा लांब शेपटीचा पक्षी. शेवटची फळं त्याच्यासाठी ठेवायची, ही तिथली जुनी रीत. त्या फळांना नावच आहे, 'काच्ची-बाप'. काच्चीचं जेवण.

पुन्हा तोच शब्द! रात्री सहज नेटवर पाहिलं, तर मॅगपाय हा कावळ्याच्याच कुळातला निघाला. सकाळी खिडकीतून पाहतो, तर शेंड्यावर बसून पठ्ठ्या फळ फोडत होता. मी आईला फोन लावला आणि सांगितलं, "आई, इथं पण शिवला." उशीर झाला होता दोन महिने. पण बाबा कुठे वेळेवर जेवायचे?

डिसेंबरमध्ये निघताना मी हाल्मोनीसमोर पुन्हा फोन धरला. लिहिलं होतं, "माझ्यासाठी प्रार्थना केली तरी चालेल." तिने चष्मा लावून वाचलं आणि हसली. तिचं उत्तर ॲपने असं दाखवलं: "तुझं नाव घेणं मी थांबवलं होतं. तुझ्या ताटाचं नाव घेत होते."

आता इथे रात्री लॅबमधून उशिरा परततो तेव्हा मेस बंद होत आलेली असते. मेसवाले काका पातेलं घासता घासता ओरडतात, "काय रे, जेवलास का?" पूर्वी मी "हो काका" म्हणून सटकायचो, खोटंच. आता थांबतो. जे असेल ते त्यांच्याशेजारी बसून खातो. त्या आमटीबद्दल सुरुवातीला जे लिहिलं, ते संपादकांनी खोडलं तरी माझी हरकत नाही.